बोलकं इन्स्टॉलेशन

२ ऑगस्ट २०११, लातूर
उदगीरच्या अंबिकाचा फोन. माझ्या क्लासची जुनी विद्यार्थिनी, वडिलांची धान्याची आडत आहे, जन्मापासून दिसत नाही. व्हायरसनं कॉम्प्युटर बसलाय. पुढच्या महिन्यात बँकेची परीक्षा, नोट्स सगळ्या डी ड्राइव्हमध्ये. म्हणाली, एरवी स्क्रीन वाचून दाखवणारं मशीन विंडोज टाकताना मुकं ऱ्हातंय, दरवेळी कुणाची तरी वाट बघावी लागती, यंदा माझं मलाच करायचंय. काळीज हललं. उदगीरला जाऊन दहा मिनिटांत करून आलो असतो. पण मग क्रांती कशी होणार? अंधांसाठी बोलकं इन्स्टॉलेशन मीच काढणार.

५ ऑगस्ट
मोबाइलवर सगळ्या स्टेप्स रेकॉर्ड केल्या. आवाज उत्तम लागला. लातूर पॅटर्नप्रमाणे मध्येमध्ये "हे हमखास येतं" टाकलं. कुकरच्या तीन शिट्ट्या आल्यात. राहू दिल्या, नॅचरल वाटतं.

६ ऑगस्ट
सौदामिनी म्हणते, डोळे झाकून एकदा करून बघा. बायकोला फील्डमधलं काय कळतं! मेमरी कार्ड उदगीरच्या टेम्पोवाल्याकडे दिलं.

९ ऑगस्ट
अंबिका पहिल्याच वाक्याला अडली. "निळा स्क्रीन दिसला की एंटर दाबा." विचारते, दिसला की म्हंजी कवा, सर? म्हटलं, अंदाजानं दाब. म्हणाली, अन् नोट्स उडाल्या तर? आजकालच्या पोरांत धाडसच नाही.

११ ऑगस्ट
धाडस दाखवायला क्लासच्या कॉम्प्युटरसमोर स्वतःच बसलो. सौदामिनीची ओढणी डोळ्यांना बांधली. खालच्या फटीतून थोडं दिसत होतं, पण ते मोजायचं नाही. भलताच ड्राइव्ह फॉरमॅट झाला. क्लासची अख्खी टेस्ट सिरीज गेली. ओढणीच निसरडी होती.

१२ ऑगस्ट
पोरांना सांगितलं, यंदा टेस्ट नाहीत, कन्सेप्टवर भर. पालक खवळलेत. उद्यापासून रेकॉर्डिंगचा भाग दोन.

१७ ऑगस्ट
भाग दोन झाला नाही. घसा.

१९ ऑगस्ट
अंबिकाचा फोन. कॉम्प्युटर सुरू! नांदेडच्या तिच्या मैत्रिणीनं, मृण्मयीनं, तिलाही दिसत नाही, विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची डिस्क पाठवली. सुरू केली की बीप वाजते, एक बटण दाबलं की पहिल्या प्रश्नापासून स्वतः बोलते. अंबिकानं एकटीनं केलं. नोट्स शाबूत. ऐकून खरंच बरं वाटलं. विचारलं, माझ्या रेकॉर्डिंगचा उपयोग झाला ना? म्हणाली, हाव सर, लई झाला, ते ऐकल्याबरोबरच नांदेडला फोन लावला.

मी "वेलकम" म्हणालो. फोन ठेवल्यावर अर्थ लागला.