लांबच्या कोपऱ्यातली थोरली

१२ जानेवारी

ती. दाजींस,
सादर नमस्कार.

आम्ही इकडे ठीक आहोत. तुम्ही आणि ताईही ठीक असाल असं धरून चालतो. गेली चार वर्षं धरूनच चालतो आहे, कारण ताईला फोन केला की ती मुलीशी बोलते, माझ्या बायकोशी बोलते आणि माझी पाळी आली की नेमकं तिचं दूध उतू जातं.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काळजीचं काही नाही, पण डॉक्टरांनी सहा आठवडे कामावर जायला बंदी केली आहे. पहिल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातल्या झाकणांची व्यवस्था लावली. दुसऱ्या आठवड्यात बायकोने मुलीला सांगितलं, तुझ्या बापाला कुठेतरी गुंतव, नाहीतर मी घर सोडून जाते. म्हणून मुलीने मला तिच्या कॉम्प्युटरसमोर बसवून एक खेळ लावून दिला. कसला खेळ म्हणाल? प्राणिसंग्रहालय चालवायचा. एकतीस वर्षं पिंजऱ्यांवर काम करून घरी बसलो, तर घरीही तेच कपाळी आलं.

पण दाजी, जागा भरपूर देतात हो. मी पहिल्याच दिवशी सगळे पिंजरे पाडले. तिथे एकच आवार केलं, इतकं मोठं की एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसू नये. मधे गवत, झाडं, लांबच्या कोपऱ्यात तळं आणि आत अठरा झेब्रे. आपल्या झेब्र्यांच्या आवारासारखंच एक फाटक ठेवलं, फाटकाशेजारी चाऱ्याची खोली. जनावरांना एकाच हाताची सवय असावी हा आपला नियम, म्हणून राखणदारही एकच नेमला. छाती फुगवून मुलीला दाखवलं.

दुसऱ्या दिवशी निम्म्या जनावरांच्या डोक्यावर लाल खुणा. उपाशी. मी राखणदाराच्या मागे मागे फिरलो, म्हणजे बोटाने. तो चारा घेऊन निघतो, जवळच्या गव्हाणीत टाकतो, परत येतो, जवळचंच शेण उचलतो, पुन्हा चारा आणायला जातो आणि तेवढ्यात दिवस संपतो. लांबच्या कोपऱ्यापर्यंत तो पोचतच नाही. मी त्याला इतकं फैलावर घेतलं की बायको आतून विचारायला आली, कोण आलंय. मग आणखी दोघे नेमले. तर तिघंही एकाच गव्हाणीवर गोळा होतात, चहाच्या वेळी आपली मंडळी जमायची तशी.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत? हे विचारायलाच पत्र लिहितो आहे.

आपल्या आवारातली झेब्र्याची थोरली मादी गेली, ठपका तुमच्यावर आला, तुम्ही नोकरी सोडलीत, गाव सोडलंत आणि तुमची मुकादमी माझ्याकडे आली. त्यानंतर तुम्ही दोघांनी आमच्या दारात पाऊल ठेवलेलं नाही. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. गुडघा दुखतो आहे.

ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा

२९ जानेवारी

ती. दाजींस,
सादर नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. चारच ओळी, त्याही सगळ्या कामाच्या. तरी बायकोने ते फ्रीजवर लावलं आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते आहे.

तुम्ही लिहिलंत तसं केलं. मागच्या बाजूला, तळ्याजवळ, दुसरं फाटक काढलं आणि तिथेच चाऱ्याची दुसरी खोली बांधली. गव्हाण एक होती, तिच्या तीन केल्या. तिघा राखणदारांना आपापला भाग वाटून दिला. चौथी ओळ तुमची खास: फेरी नेहमी लांबच्या कोपऱ्यापासून सुरू कर, जवळचं जनावर तसंही नजरेला पडतं. दोन दिवसांत सगळ्या लाल खुणा गेल्या. झेब्रे आवारभर पसरून चरायला लागले. खोटं कशाला बोलू, बघता बघता डोळे भरून आले.

त्याआधी एक गोष्ट झाली होती, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

तुमचं कार्ड यायच्या आदल्या दिवशी मी मुलीजवळ त्या राखणदाराची तक्रार करत होतो. म्हटलं, हा लबाड लांबपर्यंत जात नाही आणि काम झालं म्हणून खुशाल येऊन बसतो. ती म्हणाली, "तो कुठे झालं म्हणतो, बाबा? जनावर उपाशी असलं की खूण लालच राहते. न जाता झालं म्हणायची सोयच नाहीये यात."

तिला काही ठाऊक नव्हतं. ती आपली खेळाबद्दल बोलत होती. मी कॉम्प्युटर बंद केला आणि जेवायलाही उठलो नाही.

दाजी, आपल्याकडे ती सोय होती. फाटकावरचा फळा, त्यावर अठरा खिळे, प्रत्येक खिळ्यावर पत्र्याचा बिल्ला, एक बाजू लाल, एक पांढरी. जनावर डोळ्यांनी पाहिलं, त्याने चारा खाल्लेला पाहिला, की मगच बिल्ला पांढरा करायचा. हा नियम तुम्हीच मला शिकवला होता, मी नोकरीला लागलो त्या पहिल्या सकाळी. तुम्ही मला धांदरट म्हणायचात, आणि बिल्ल्याला हात लावण्याआधी मला मोठ्याने विचारायला लावायचात, पाहिलं का.

थोरली गेली त्या आठवड्यात सोमवारी दुपारची फेरी माझी होती. ऊन मी म्हणत होतं. फाटकाजवळच्या गव्हाणीवर सतरा झेब्रे मोजले. थोरली नव्हती. ती म्हातारी झाल्यापासून तळ्याकडेच असायची, आणि तळं म्हणजे जाऊन-येऊन चाळीस मिनिटं. मी स्वतःशी म्हटलं, कुठे जाणार आहे, असेल तिथेच. आणि अठरावा बिल्ला पांढरा केला.

संध्याकाळी फेरीच्या वहीत सही करताना तुम्ही मला विचारलंत, "थोरली दिसली?"

मी म्हणालो, "दिसली. झाडाखाली उभी होती."

तुम्ही झाडाबद्दल विचारलंही नव्हतं. ते झाड मी माझ्या पदरचं घातलं. मंगळवारी पुन्हा तेच केलं, कारण सोमवारी ते खपून गेलं होतं.

बुधवारी सकाळी तुम्ही स्वतः तिकडे गेलात आणि ती तुम्हाला तळ्याच्या चिखलात पाय रुतलेली सापडली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, सोमवारपासून इथेच अडकली असावी, वेळेवर कोणी पाहिलं असतं तर ओढून काढता आली असती. चौकशीत वही उघडली. दोन्ही दिवस सही तुमची. मी तुमच्या शेजारी उभा होतो आणि माझ्या बुटाच्या नाड्या बघत होतो. तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. मीही घेतलं नाही.

एवढंच लिहायला मला चार वर्षं लागली, आणि तेही एका खेळातला माणूस माझ्यापेक्षा प्रामाणिक निघाला म्हणून.

काल बायकोला आणि मुलीला सगळं सांगितलं. आज सकाळी काठी टेकत कचेरीत गेलो आणि संग्रहालयाच्या मोठ्या बाईंना लेखी कबुली दिली. मुकादमीचा राजीनामाही त्याच कागदावर दिला. तुमच्या चार ओळींची नक्कल सोबत जोडली, कारण आपलं आवार वाढवायचं घाटतं आहे आणि नकाशात अजूनही फाटक एकच आहे.

माफ करा असं लिहायला घेतलं आणि दोनदा खोडलं. एवढ्या स्वस्तात मागायची ती गोष्ट नाही. तुम्हाला वाटेल ते करा. हे पत्र ताईला वाचायला द्या, एवढीच विनंती. तिचं दूध चार वर्षं उगाच उतू जात नव्हतं.

तुमचा अपराधी,
मेहुणा

१६ फेब्रुवारी

ती. दाजी आणि ताई,
दोघांना मनापासून नमस्कार.

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही, हसाल.

तुम्हाला त्याच बुधवारी कळलं होतं. तळ्याकाठच्या ओल्या मातीत दोन दिवसांत माझ्या बुटाचा एकही ठसा नव्हता, हे तुम्ही पाहिलं होतंत. मग बोलला का नाहीत, हा प्रश्न ते वाचतानाच माझ्या ओठांवर आला. पुढच्याच ओळीत तुमचं उत्तर होतं: "तू न बघता बिल्ला फिरवलास आणि मी न बघता सही केली. दुसऱ्याच्या शब्दावर सही करायची नाही, हा नियमही माझाच होता. तुझ्याकडे बोट दाखवायला माझा हात उठला नाही. पण तू एकदा तरी येऊन सांगशील म्हणून मी वाट पाहत होतो."

दाजी, मला वाटत होतं मी तुमच्यापासून काहीतरी लपवून ठेवलं आहे. आणि तुम्ही दार लोटून घेतलं होतं, कडी लावली नव्हती. मी ते ढकलूनच पाहिलं नाही. इतकी वर्षं लांबच्या कोपऱ्यात कोण वाट पाहत होतं, ते आता मला कळतं.

इकडची बातमी अशी. मोठ्या बाईंनी तुमच्या नावावरचा ठपका कागदोपत्री काढला, त्याची प्रत सोबत पाठवतो आहे. मी पुन्हा साधा राखणदार झालो. त्यांनी मला अर्धा तास उभं करून झापलं, आणि दाजी, चार वर्षांत पहिल्यांदा कोणी मला झापत असताना बरं वाटलं. गुडघा सुधारला आहे. सोमवारपासून दुपारची फेरी माझी, तळ्यापासून सुरू.

आवाराला मागचं फाटक होणार. जागा मात्र तुम्ही येऊन दाखवल्याशिवाय खड्डा खणू नका असं बाईंनी ठेकेदाराला बजावलं आहे.

खेळातलं माझं प्राणिसंग्रहालय आता मुलगीच बघते. ती म्हणते, बाबा, तुमच्या झेब्र्यांना पिल्लू झालंय. मी तिला म्हटलं, कुठे आहे ते आधी दाखव.

ताई, तू पत्र वाचलंस आणि तिसऱ्या दिवशी माळ्यावरून बॅग काढलीस, असं दाजींनी लिहिलं आहे. येऊन तुला जे बोलायचं ते बोल. मी समोर बसेन, उठून जाणार नाही.

तुम्ही रविवारी पोचता म्हणता. बायको आत्तापासूनच शेजारीपाजारी सांगत सुटली आहे, नणंद आली, नणंदेचे यजमान आले. मी कोणालाही काही सांगितलेलं नाही. तुम्हा दोघांना दारात उभं असलेलं माझ्या डोळ्यांनी पाहीन, मगच आले म्हणेन.

वाट पाहणारा,
तुमचा धांदरट