व्याह्यांचा न सुटलेला सूर

प्रिय फेलोमिनाताई,

आशीर्वादासाठी तुझा हात कपाळाला लावतो. उजवा पंजा बांधलेला असल्यामुळे डाव्याने लावतो, राग मानू नकोस. (अक्षर वाकडंतिकडं आहे तेही त्यामुळेच.) तुझे गुडघे कसे आहेत? चर्चमधलं गाणं चालू आहे ना? सांतो निन्योच्या, आपल्या बाळ येशूच्या, कृपेने इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. हे वाक्य मी तुला दर पत्रात लिहितो, पण या वेळी ते डॉक्टरीणबाईंकडून तपासून घेतलंय.

मी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात आहे. छातीला वायरी चिकटवल्यात. जरा हललो की यंत्र बोंबलतं आणि नर्स धावत येते. शेजारच्या खाटेवर तशाच वायरी लावून एउसेबियो, म्हणजे आपले होणारे व्याही, छताकडे बघत पडलेत. माझ्याशी बोलत नाहीत. तुझ्या भाचीचं, मारिविकचं, लग्न होतं की मोडतं ते त्या छतावर ठरतंय. म्हणून मी सारखी मान वळवून बघतो, की पुन्हा बोंब.

झालं असं. आज दुपारी ते मुलाला, जोमारला, घेऊन मागणी घालायला आले. पाहुणे येणार म्हणून तुझ्या भावजयीने, सालुदने, फरशी इतकी धुतली होती की तीत मासे सोडता आले असते. व्याह्यांनी रीतीप्रमाणे दारात बूट काढले, वर मोजेही काढले. जेवण झक्क झालं. तारखेचं बोलणं निघायच्या आधी मी म्हटलं, ‘व्याही, एक गाणं होऊन जाऊ दे!’ (ही अवदसा मलाच आठवली.) गाणं संपलं की मार्क देणारं आपलं ते जुनं व्हिडिओके यंत्र लावलं. त्याचा माइक चावतो हे घरात सगळ्यांना ठाऊक. आम्ही रबरी चपला घालूनच गातो. पण पहिल्याच भेटीत पाहुण्याला ‘चपला घाला’ म्हणून कसं सांगायचं?

वरचा सूर आला. व्याह्यांनी तो लावला आणि सोडलाच नाही. डोळे पांढरे, मान थरथरतेय, केस उभे. अख्खी गल्ली खिडकीत जमली. ‘गळा आहे की बोटीचा भोंगा!’ सालुदच्या डोळ्यांत पाणी आलं. गाणाऱ्याच्या हातून माइक घेणं म्हणजे आपल्याकडे दात पाडून घेणं (बेर्तोमामांचे आठव), त्यामुळे कोणी पुढे होईना. मीच प्रेमाने माइकला हात घालून साथ द्यायला गेलो आणि उडून पान्सितच्या शेवयांत बसलो. तेव्हा मारिविकने पिनच उपटली. गल्लीने तिला शिव्या घातल्या.

सालुदने दोघांच्या पंज्यांना टूथपेस्ट फासली. ती काढता काढता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘काका, भाजल्यावर गार पाणी. ही दातांना लावतात.’ मग विचारलं, ‘शॉक किती वेळ बसला?’ सालुद म्हणाली, ‘बरंच. धृपद दोनदा आलं.’

त्यावर व्याह्यांनी तोंड उघडलं. ‘माझं गाणं चालू असताना पिन उपटणारी सून मला नको.’

‘अहो, तिने जीव वाचवला तुमचा!’

‘जीव ठीक आहे हो. पण गाणं?’

तेव्हापासून छत.

तुझा वायरींत गुंतलेला भाऊ,
नेस्तोर

ता. क. व्याही आत्ताच छताला म्हणाले, ‘मार्क तरी किती पडले?’ मी म्हटलं, ‘अठ्ठ्याण्णव! मार्क पडल्यावरच पिन उपटली पोरीने.’ (यंत्र तेव्हा मेलेलं होतं. सांतो निन्यो मला क्षमा करो.) त्यांनी मान वळवली. आता त्यांचंही यंत्र बोंबलतंय. लग्न ठरलं.

ता. क. दुसरा: अट एकच. लग्नाच्या जेवणाला तेच गाणं, तेच यंत्र. जोमार माझ्या कानात म्हणाला, ‘मामा, बाबांना तो सूर विजेशिवाय लागत नाही.’ तेव्हा ताई, तू ये. त्यांचा माइक मी आतून तोडून ठेवतो. तू दुसरा घेऊन पडद्यामागे उभी राहा. ते तोंड उघडतील, सूर तू लाव.

ता. क. तिसरा: येताना जाड तळाची रबरी चप्पल आण.