चार बोटं अलीकडे

प्रिय धाकट्या,

तुझा फोन आला की मी ‘सगळं ठीक’ म्हणते आणि ठेवून देते, कारण बाबा समोरच खाटेवर असतात. वाचा गेली असली तरी त्यांचे कान तिखट आहेत. म्हणून हे स्वयंपाकघरात, ओट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहितेय. गेली दोन वर्षं या घरातली माझी जागा म्हणजे त्यांच्या खाटेशेजारचं स्टूल, आणि त्या स्टुलाचा मला वीट आलाय.

बाबांच्या लुळ्या हातासाठी मी केलेली बाही तुला फोटोत दाखवली होती. दोन रबरी नळ्या, त्यांवर विणलेली जाळी. हवा भरली की नळी फुगते आणि आखडते. एक नळी हात वर ओढते, दुसरी खाली. कुठे किती हवा सोडायची ते कॉम्प्युटर बघतो. पण रबर महाहट्टी. तेवढ्याच हवेत हात वर जाताना एका जागी थांबतो, खाली येताना भलत्याच. झालं ताईचं रबरपुराण सुरू, म्हणशील. पण आम्हा अशी यंत्रं करणाऱ्यांत काहीही बिनसलं की खापर रबरावर फोडायचं, ही सवयच आहे, आणि मी तिथेच फसले.

सहा महिने त्या हातातला चमचा बाबांच्या तोंडाच्या चार बोटं अलीकडे येऊन अडायचा. मी नळ्या बदलल्या, आकडेमोड पुन्हा केली, आणि दर जेवणाला शेवटी मीच भरवलं. दिवसा कामाला बाई आहे, पण तिच्या हातून ते घास घेत नाहीत. दुसऱ्या शहरातल्या ज्या कारखान्याने मला नोकरी देऊ केली, त्याला मी बाबांसमोरच फोनवर सांगितलं होतं, की वडील आपले आपण जेवायला लागले की लगेच रुजू होते.

मागच्या महिन्यात बाहीत हाताच्या वजनाची वाळूची पिशवी बांधून पाहिली. पिशवी बरोबर तोंडाच्या उंचीला गेली, रेसभरही चूक नाही. तरी म्हटलं, रबर तापलं असेल. मग एका सकाळी मी कंटाळून, बाबांसमोरच, कारखान्याला फोनवर कळवलं, की मला जमणार नाही, दुसरं कुणी बघा. त्या दुपारी चमचा थेट बाबांच्या तोंडात गेला. मी वेडी, टाळ्या वाजवल्या. आठवडाभर ते असेच व्यवस्थित जेवले. काल कारखान्याचा पुन्हा फोन आला, मी आनंदाने हो म्हटलं, एक तारखेला येते म्हटलं. आणि दुपारी चमचा चार बोटं अलीकडे.

या वेळी मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. हवा वाढत होती आणि हात हलत नव्हता. कुणीतरी तो खाली दाबून धरला होता, आणि खोलीत आम्ही दोघंच होतो. मी नळ्यांतली सगळी हवा काढून टाकली. हात खाली पडायला हवा होता, सूप मांडीवर सांडायला हवं होतं. पण तू ओळखतोस त्यांना. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, शिडीवरून कधी एक थेंब सांडला नाही. चमचा वरच राहिला. थरथरत, पण वर. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान फिरवली.

हातात जीव आलाय रे. मला आधी रडू आलं आनंदाचं, आणि मग इतका राग आला की मी स्वयंपाकघरात येऊन नळ सोडून उभी राहिले. सहा महिने त्यांनी मला धरून ठेवलं. आणि खरं सांगू, मीही धरू दिलं. वाळूच्या पिशवीनेच मला सगळं सांगितलं होतं.

त्यांना रागावू नकोस. एकटेपणाला घाबरलेत, बाकी काही नाही. पण एक तारखेच्या आत ये, आणि त्या स्टुलावर महिनाभर तू बस. बॅग भरून मी खाटेखाली ठेवली आहे. तू आला नाहीस तर मी ती उपसेन, बाही पुन्हा बांधेन, आणि रबराला दोष देत बसेन.

तुझीच, वाट बघणारी,
ताई