शांत खोलीचा भोंगा

आदरणीय साडूभाऊ,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (एरवी माझ्या एका हातात पाना असतो, तेव्हा हा नमस्कार साधा समजू नका.) तुमचे गुडघे, ताईंचं ब्लडप्रेशर आणि गॅलरीतली कुंड्यांची पलटण सगळं ठणठणीत असावं. इकडे आम्ही सारे मजेत आहोत. आमची ही परवा दुपारी एक बॅग घेऊन तुमच्याकडे आली, त्याचा कृपया भलता अर्थ काढू नये. ती रुसून आलेली नाही. रुसलेलं माणूस दार आपटतं. हिने दार इतकं अलगद लावलं की कडीचा आवाजसुद्धा मला आला नाही, आणि माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. रस्त्यापलीकडच्या पंपाचं बेअरिंग जायला आलंय, हे मी इथे चहा पिता पिता सांगतो. तरी ती परत कधी येणार, याचा तुम्हाला काही सुगावा लागला असेल तर कळवावं. पण आधी हकीकत ऐका, कारण ताईंनी एव्हाना एकच बाजू ऐकली असेल. (किंवा तीही नसेल. ही सांगत नाही आणि तुम्ही दोघं विचारत नाही. हिने तुमचंच घर का निवडलं, हे मला आता कळायला लागलंय.)

वर्षअखेरच्या सुट्टीत सगळा गोतावळा आमच्याकडे जमतो, हे तुम्हाला माहीत आहेच. आमची सूनबाई तिच्या कंपनीत कर्मचाऱ्यांना आनंदी ठेवण्याच्या खात्यात असते. (माझ्या वर्कशॉपमध्ये हे काम पंखा करतो.) तिने यंदा ‘सुट्टीच्या दिवसांतलं मानसिक आरोग्य’ या विषयाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि आल्याआल्या जाहीर केलं, “बाबा, माणसं सुट्टीत एकत्र आली की त्यांच्या मनावर सगळ्यात जास्त ताण येतो.” मी म्हटलं, “मग एकत्र येऊच नये.” तर म्हणाली, तो पळपुटेपणा झाला. तेव्हा आम्ही शूरासारखे एकत्र आलो आणि ताण घालवायच्या मागे लागलो. पहिला नियम असा, की कुणी कुणाला पगार, वजन आणि पाळणा यांबद्दल विचारायचं नाही. साडूभाऊ, या तीन गोष्टी वगळल्यावर आपल्या नातेवाइकांकडे बोलायला काय उरतं? हवामान काकडी चिरून होईपर्यंत संपलं. मग नुसते चावण्याचे आवाज. शेवटी विहीणबाईंनी (सूनबाईची आई, जिभेने भरभक्कम) वाट काढली. आमच्या जावयाकडे बघून म्हणाल्या, “मी विचारत नाही हं, पण तुमच्या शर्टाची बटणं काय म्हणतात?” जावई उठून उभा राहिला आणि म्हणाला, “मला आत्ता टोचलं, हे मी व्यक्त करतोय.” सूनबाईने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी मन मोकळं करण्याचा कार्यक्रम झाला. गोल बसायचं, एक वस्तू हातोहात फिरवायची, ती ज्याच्या हातात त्याने बोलायचं, बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही. वस्तू म्हणून सूनबाईने स्वयंपाकघरातलं मोठं ओगराळं आणलं. आमच्याकडे त्या मापाचं ते एकच. ते जावयाच्या हाती पडलं आणि लहानपणी न मिळालेल्या सायकलपासून सध्याच्या साहेबापर्यंत त्याने सगळं मोकळं केलं. विहीणबाई रडल्या, मग रडताना आपण कशा दिसतो यावर बोलल्या. आमचे चिरंजीव “मी ठीक आहे” म्हणून ओगराळं पुढे द्यायला गेले, तर बायकोने ते परत त्यांच्या हातात ठेवलं. मी मोटारींना तार गुंडाळायचं माझं पहिलं वाइंडिंग मशीन कसं घेतलं ते थोडक्यात सांगितलं. (थोडक्यातच. मधे फक्त दोनदा चहा झाला.) एवढा वेळ ही स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी. शेवटी म्हणाली, “अहो, सूप लागतंय खाली.” त्यावर सूनबाई अगदी मायेने म्हणाली, “आई, आत्ता ओगराळं तुमच्या हातात नाहीये.”

ते तिच्या हातात आलं ते सगळ्यात शेवटी. सूनबाई म्हणाली, “बोला आई, मनात येईल ते बोला.” हिने एकदा ओगराळ्याकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि आत जाऊन पातेल्याचं बूड खरवडायला लागली. “काही जण कृतीतून व्यक्त होतात,” असं सूनबाईने आम्हाला समजावलं. आम्हाला पटलं. भूकही लागली होती.

आता शांत खोलीचं सांगतो. ज्याला गर्दी सहन होईनाशी होईल त्याने जाऊन एकटं बसावं, अशी एक खोली हवी होती. घरभर फिरून सूनबाईने मागची खोली पसंत केली, कारण घरात तेवढी एकच शांत आहे. तुम्ही ती पाहिली आहे. तिथे हिचं शिलाई मशीन असतं, दुपारी ही जरा आडवी होते, रेडिओ हळू लावून. (खोली शांत आहे ती हिच्यामुळे, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझंही डोकं त्या ‘कुणा’तच धरा.) शिलाई मशीन पॅसेजमध्ये आलं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यापुढे खोलीत जायची रांग लागली. साडूभाऊ, सिनेमाच्या तिकिटाला काय भांडाल अशी भांडणं एकट्याने शांत बसण्यावरून! भिंतीला कान न लावताही मला ऐकू येत होतं: जावई आत मॅच बघायचा, विहीणबाई फोनवर आमचीच हकीकत बहिणीला सांगायच्या, सूनबाई लॅपटॉपवर ऑफिसचं काम उरकायची आणि चिरंजीव घोरायचे. तंटा मिटवायला मी दारावर लाल दिवा बसवला आणि पंधरा मिनिटांनी आपोआप वाजेल असा भोंगा. भोंगा वर्कशॉपचाच, शिफ्ट सुटल्याचा. लेथ मशीनच्या घरघरीतही ऐकू जावा म्हणून केलेला, त्यामुळे आवाज किंचित खणखणीत. पहिल्याच पाळीला विहीणबाई एक चप्पल आत टाकून बाहेर आल्या आणि उरलेला दिवस छातीवर हात ठेवून बसल्या. मनःशांतीतून इतक्या झटपट बाहेर आलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

परवा दुपारी भांडी आवरून ही रांगेपाशी आली. म्हणाली, “मी बसू का जरा आत?” सगळ्यांनी मोठ्या मनाने वाट दिली. दिवा लागला. मी मुद्दाम कान दिला. आतून काही म्हणता काही आवाज नाही. रेडिओ नाही, बांगडी नाही, कॉटची कुरकुर नाही. भोंगा वाजला, ही आली नाही. दुसऱ्यांदा वाजला, तरी नाही. जावयाने दार ठोठावलं, “आई, इतरांच्याही मनाचा विचार करा ना!” तेव्हा दार उघडलं. पायात चपला, हातात बॅग. म्हणाली, “ताईकडे चाललेय. भोंगा वाजला की येईन.” आम्ही सगळे हसलो, मी सगळ्यात मोठ्याने. तुमचं घर बसने चार तासांवर आहे आणि आमचा भोंगा फार तर दोन गल्ल्या जातो, हा हिशोब माझ्या डोक्यात आला तोवर बस सुटली होती.

बाकी सगळं उत्तम चाललंय. जेवण बाहेरून येतं आणि न आवडल्याचं प्रत्येक जण मोकळेपणाने व्यक्त करतो. काल सूनबाई ओट्यापाशी एकटीच उभी दिसली. ओगराळं तिच्या हातात होतं, पण बोलत काहीच नव्हती. मी तिला शांत खोलीत जा म्हटलं, तर म्हणाली, “बाबा, तिथे आता फार शांत वाटतं हो.”

अधिक लिहीत नाही, रांगेत माझा नंबर आलाय.

तुमचा,
मोटारवाला साडू

ता. क. : या पत्रासोबत आमचा ड्रायव्हर एक खोकं देईल. त्यात भोंगा आहे, बटणासकट. दारावरून आज सकाळी काढला. तुम्ही बसवू नका, वाजवूनही बघू नका. नुसता हिच्या हातात द्या. हिला वाटेल तेव्हा वाजवू दे. इतक्या लांबून ऐकू येणार नाही, असं सूनबाई म्हणते. तिला माझे कान अजून माहीत नाहीत.

आणखी ता. क. : पाहुणे उद्या जायचे होते, ते आठवडाभर राहताहेत. (जावई म्हणतो, त्याला इथे फार बरं वाटतंय.) हे हिला सांगू नका. तुमच्याकडे आणखी एक कॉट पडेल का? मी वाइंडिंग मशीनबद्दल चकार शब्द काढणार नाही. येताना ओगराळं आणतो, ते हिच्याकडे देईन आणि दारात उभा राहीन. ही कितीही वेळ बोलली तरी मधे बोलणार नाही, मग सूप करपलं तरी बेहत्तर. सूप तुम्हाला करता येतं ना?