आवाज दबलाय

४ जानेवारी, रविवार
अण्णांच्या दुकानातला सीडी प्लेअर उघडला. तक्रारी तीन. ट्रे अडकतो, गाणं मधेच उडतं, आणि अण्णांच्या शब्दांत, "आवाज दबलाय." पहिल्या दोन पटल्या. ट्रेचा पट्टा सैल. लेन्सवर लाकडाच्या भुशाचा आणि पॉलिशचा थर. तंबोऱ्याच्या दुकानात दुसरं काय असणार.

या प्लेअरवर एकच सीडी वाजते. अण्णांच्या उस्तादांनी बनवलेल्या तंबोऱ्याची, नुसता तंबोरा, पंचवीस मिनिटं. कडेगावचं शेत भावावर सोडून अण्णा मिरजेत त्यांच्याकडे शिकायला आले, तेव्हाचा तंबोरा. जवारी लावताना, म्हणजे तारेला झंकार आणताना, अण्णा आधी ती ऐकतात, मग तारांखालच्या घोडीला कानस लावतात.

"लवकर कर. पाचगणीच्या बाईंचा तंबोरा परत आलाय."

६ जाने., मंगळ
साताऱ्याच्या हॉस्पिटलात कॅलिब्रेशन. दोन व्हेंटिलेटर, एक मॉनिटर. येताना उसाच्या ट्रॉल्यांमागे पाऊण तास.
घरी येऊन नवा पट्टा. लेन्स पुसली. रेल्वरचं जुनं ग्रीस वाळून मेण झालं होतं, काढलं, नवीन लावलं. सीडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत न उडता वाजली.
अण्णांनी डोळे मिटून मिनिटभर ऐकलं. "दबलाय अजून."
काय दबलंय?
"वरचं न्हाई. झंकार न्हाई. नुसतं घुमतंय. एवढी इंजिनेर तू, आन् एक डबा बोलता करता ईना व्हय तुला?"

८ जाने., गुरु
आउटपुटचे दोन कपॅसिटर फुगलेले. बदलले. डी-एम्फसिस तपासलं, ते चुकून चालू राहिलं तर वरचे आवाज दाबले जातात. बंदच आहे. स्पीकर बदलून पाहिला.
अण्णा : तसंच.
स्कोपवर सगळं ठीक. मला कानाने पण ठीक. माझ्या कानाने मोजायचं नाही, म्हणून लिहीत नाही. लिहिलंच.

९ जाने., शुक्र
तीच सीडी लॅपटॉपवर, हेडफोन लावून. झंकार आहे. सुईसारखा.
अण्णांच्या कानावर हेडफोन ठेवला. त्यांनी तो काढून माझ्या हातात दिला. मग, "ह्यातबी तसंच. म्हंजी सीडीच गेली."
सीडी अशी जात नाही अण्णा. गेली की तुटक वाजते. दबून वाजत नाही.
"तुला म्हाईत का मला?"
प्लेअर वेगळा, स्पीकर वेगळा, तक्रार तीच. उरतं काय ते…

११ जाने., रवि
टेस्ट सीडी केली. एकेक शुद्ध स्वर, अडीचशे हर्ट्झपासून दहा हजारांपर्यंत. अण्णांना सांगितलं, प्लेअरसाठी आहे. ऐकू येतंय तोवर बोट वर ठेवा.
एक हजार, बोट वर. दोन हजार, वर. चार हजार, उशिरा, अर्धवट. सहा हजार, बोट गुडघ्यावर.
"बंद पडलं बघ परत."
मीटरचा काटा जागच्या जागी. माझ्या कानात शिट्टी.
आठ हजार. अण्णा प्लेअरकडे बघत राहिले. "लेन्सच असंल."
"असेल," मी म्हटलं.
आकडे नेहमीच्या वहीत नेहमीसारखे लिहिले. चहा घेतला. काही वाटलं नाही.

१२ जाने., सोम
आईला सांगितलं. पावटे सोलत होती. हात थांबला नाही.
"तुला आज कळलं व्हय? टीव्हीचा आवाज कवाचा पंचविसाच्या खाली येत न्हाई."
मग बोलली का नाहीस?
"बोलून? कानस खाली ठेवतील. मग दिसभर काय करायचं त्यांनी? रस्त्याला बसून उसाच्या ट्रॉल्या मोजायच्या?"
तंबोरे परत यायला लागले तर?
"एक आलाय."
तेवढ्यात अण्णा आत आले. आई मोठ्याने, "आवं, पावट्यात वांगं घालू का?" तिचा आवाज किती वाढलाय ते मला आज ऐकू आलं. रोज हाच असतो.

१५ जाने., गुरु
पाचगणीच्या बाई आल्या. शाळेत गाणं शिकवतात. स्ट्रॉबेरीचा खोका घेऊन आल्या, म्हणजे वाईट बोलायचं होतं.
"अण्णा, फार झणझणतो हो. मुली गातात आणि मला एकटा तंबोराच ऐकू येतो."
अण्णा हसले. "बाई, खुली जवारी हाय ती. कान बसायला टाईम लागतो."
बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मीटरकडे.
"रविवारी अकराला येते. जमला तर नेते. नाहीतर राहू दे इथेच."
अण्णांना एवढं सरळ कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. अण्णा हसणं तसंच ठेवून उभे राहिले.
बाई गेल्यावर, "त्या डब्याचं काय झालं?"
एक पार्ट पुण्याहून यायचाय, मी म्हटलं.
कोणताही पार्ट मागवलेला नाही. काम करून चुकीचा रिपोर्ट देण्याची पहिली वेळ.

१७ जाने., शनि
दुपारी अण्णांनी हाक मारली. बाईंचा तंबोरा मांडीवर. प्लेअर टेबलावर उघडा, त्याच्याकडे बघितलं नाही.
"बस हितं."
घोडी त्यांनी पुन्हा घासली होती. आता दोरा. तारेखाली सुताचा दोरा असतो, तो केसभर पुढेमागे सरकवला की झंकार बदलतो. ते शेवटचं काम. ते करताना दुकानात कुणी खोकलेलं त्यांना चालत नाही.
"कुठं थांबू सांग."
मला जवारीतलं काय कळतं?
"ऐकू येतं का न्हाई?"
येतं.
"मंग सांग."
माझ्याकडे न बघता. तार छेडली, दोरा सरकवत गेले. मी थांबा म्हटलं. थांबले. पुन्हा छेडली. मग दोरा आणखी जरा पुढे ओढला आणि वाट बघत राहिले. आता तो आवाज कानात टोचत होता. हे मुद्दाम केलं की त्यांना हेच बरोबर वाटलं, कळायला मार्ग नाही.
"मागे, अण्णा."
"किती?"
आठ वर्षं मोजमापाचं काम करते. याला एकक माहीत नाही. बोटांत काहीतरी धरल्यासारखं करून दाखवलं.
त्यांनी तेवढंच मागे घेतलं. छेडली.
"नक्की?"
"नक्की," मी म्हटलं.
मान हलवली आणि दुसऱ्या तारेवर गेले.
बाई उद्या अकराला. चारी तारा झाल्या, चारीवर मी थांबा म्हटलं. त्या बरोबर आहेत का, ते मला माहीत नाही.