वाळ्याचा माठ

१२ एप्रिल, जिंतूर
उद्या सुषमाचा दहावा. आक्का वालूरहून आल्यापासून घर धुऊन काढतेय. मोठी बहीण, तिच्यापुढे माझं आजवर कधी चाललं नाही. तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं घासून झाली. मग माठ उचलून मागच्या दारात ठेवला, फोडायला.
म्हटलं, नवाय तो. सुषमानं पाडव्याला आणला.
"नवा असू दी. पितळ घासलं की सुटतंय, बाळू. माती पिते. सुतक मुरतंय त्येच्यात."
वीस वर्षं प्राणिशास्त्राच्या वर्गात स्पंज शिकवताना मी तरी दुसरं काय सांगतो: अंगभर भोकं असली की पाणी आत शिरतं.

१३ एप्रिल
दहावा झाला. कावळा लवकर शिवला. सगळे म्हणाले, बाळूच्या बायकोची काही इच्छा राहिली नाही. मला राग आला. राहिल्या नाहीत कशा?
माठ पहाटेच स्कूटरवर पायात धरून कॉलेजच्या लॅबमध्ये नेऊन ठेवला. आक्काला सांगितलं, फोडला. सुतकात खोटं.

१९ एप्रिल
आक्का वालूरला गेली. माठ घरी आणला. कोरडा ठणठणीत. तोंड आत घातलं तर वाळा. सुषमा, माझी सु., फडक्यात वाळ्याची जुडी बांधून माठात सोडायची, तो वास. जुडी सफाईत गेली, वास राहिला.
किती वेळ तसाच बसलो कोण जाणे. खिडकीतून शेजारच्या काकू बघत होत्या. बघू देत.

२२ एप्रिल
पहिल्या वर्षाचा जादा तास. स्पंज. हृदय नाही, मेंदू नाही, पोट नाही. अंगभर बारीक भोकं. पाणी आत येतं, मोठ्या तोंडानं बाहेर जातं, एवढाच संसार. फडक्यातून गाळून चुरा केला तरी पेशी एकमेकींना शोधत पुन्हा जुळतात.
पुढच्या बाकावरची मुलगी: "सर, त्याला दुखत असंल का?"
नाही म्हटलं. मज्जासंस्था नाही, दुखत नाही. खडू खाली ठेवला आणि पाच मिनिटं लवकर सोडला वर्ग.

३० एप्रिल
शोकेसमधली येलदरीची काडी काढली. गेल्या मेमध्ये धरणाचं पाणी आटलं होतं, तेव्हा बाभळीच्या बुडालेल्या फांद्या उघड्या पडल्या होत्या. त्यांवर वाळलेला स्पंज, करड्या पोळीसारखा. सु.नं हातानं काडी मोडली आणि दिवसभर बोटं खाजवत मला शिव्या घातल्या. त्याच्या अंगात काचेसारख्या सुया असतात हे मी आधी सांगायला नको होतं का?
त्यात मोहरीहून बारीक दाणे आहेत. स्पंज मरतो, दाणे राहतात. पाणी मिळालं की त्यांतून परत स्पंज.
"दाखवा की मंग एकदा," म्हणायची. मी म्हणायचो, परीक्षा होऊ दे. परीक्षा वर्षभर असतातच. या वर्षी तिला ताप आला, नांदेडला नेलं आणि

४ मे
ऊन मी म्हणतंय. फ्रीजचं पाणी पितो, घसा धरलाय. माठ भरला तर गार पाणी मिळेल. पण भरला की वास पाण्यात उतरणार, पाणी मी पिणार, उरलेलं पाझरून जाणार. आठ-दहा दिवसांत कोरा माठ. तोंडावर ताट झाकून ठेवलंय. दिवसातून एकदाच उघडायचं, असं ठरवलंय. पाळत नाही.

९ मे
आक्का आली, मासिक श्राद्धाला जमलं नव्हतं म्हणून. ताट दिसलं, माठ दिसला. माझ्याकडे बघितलं, शाळेत मार खाऊन आल्यावर बघायची तसं.
"फोडला म्हणालास."
आता ही बाहेर नेणार, म्हणून माठाच्या आड उभा राहिलो. पन्नाशीचा माणूस! तिनं मला बाजूला सारलं, ताट काढलं, वाकून तोंड आत घातलं. बराच वेळ वर आलीच नाही. मग आतूनच रडण्याचा आवाज, घुमत. मीही रडलो. स्मशानातसुद्धा असा रडलो नव्हतो.
जेवताना म्हणाली, "ठिवायचा तर ठिव. पन कोरडा ठिवू नको. किती दिवस हुंगत बसशील? तिच्या घरात कुनी तहानलेलं ऱ्हायलं न्हाई कदी."
"भरला की जाईल गं ती."
आक्कानं माझ्या ताटात भाकरी वाढली.

१० मे
आक्का सकाळच्या बसनं गेली. जाताना विहिरीची घागर भरून माठाशेजारी ठेवून गेली.
काडी काचेच्या वाटीत ठेवली, त्यात घागरीतलं थोडं पाणी घातलं. दाणे उगवले तर उगवले. दाखवायचं होतं तिला, ती नाही. तरी घातलं.
मग ताट काढलं, घागर उचलली. माठाच्या तोंडाशी नेली, तिरकी केली, परत सरळ केली. वाकून वास घेतला. आहे अजून. परवापेक्षा कमी.
म्हणजे कोरडा ठेवूनही जातेयस.
घागर हातातच होती, लिहायला तेवढी खाली ठेवली. सु., सांग ना, भरू?