परकी राणी

३ मार्च
आज या घरात आले. काल नोंदणी कार्यालयात सह्या झाल्या, आज दोन बॅगा घेऊन गृहप्रवेश. घर छान, उजेडाचं. खाली यांचा दातांचा दवाखाना, वर आम्ही. जिन्यापर्यंत लवंगेच्या तेलाचा वास येतो. वन्संनी, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीने, माझ्यासाठी कपाट आधीच रिकामं करून ठेवलं होतं. यांची मुलगी बेबी एकोणीस वर्षांची. हॉस्पिटलात तिच्या आईची नर्स होते तेव्हा मला सिस्टर म्हणायची. आज दारातच मावशी म्हणाली. जीव भांड्यात पडला.

५ मार्च
मागच्या खोलीत ताईंच्या मुंग्या आहेत. ताई म्हणजे यांची पहिली बायको. तो छंद आता बेबीने उचललाय. काचेच्या झाकणाचे नऊ डबे, साखरपाण्यात भिजवलेले कापसाचे बोळे, वर लाल कागद, कारण लाल उजेड मुंग्यांना दिसत नाही. हे म्हणाले, तूही हात लाव, पोरीशी गट्टी जमेल.
बेबीने मन लावून शिकवलं. काही जातींच्या राण्यांना आपली पिल्लं वाढवता येत नाहीत. त्या परक्या वारुळात शिरतात, तिथल्या राणीला मारतात आणि तिच्याच कामकरी मुंग्यांकडून आपली पिल्लं वाढवून घेतात. आपण सोडायची तर अशा राणीला आधी त्या वारुळातल्या चार मुंग्यांबरोबर थंड कुपीत ठेवायचं. त्यांचा वास तिला लागतो. मी विचारलं, बाकीच्यांना कळत नाही का. ती म्हणाली, वास घरचा असला की नाही कळत. पण कधी कधी कळतं.

११ मार्च
आम्ही एका डब्यात सोडलेली परकी राणी रुळली. तीन दिवस ती जुन्या राणीची मान धरून होती आणि कामकरी मुंग्या शेजारून ये-जा करत होत्या. आज जुनीचं धड त्यांनीच ओढून कोपऱ्यातल्या कचऱ्यात टाकलं आणि नवीला भरवायला लागल्या. मी अर्धा तास बघत बसले.
मीही रुळले. ताईंची शाल पांघरते, ताईंचंच तेल लावते. वन्सं म्हणाल्या, पाठमोरी दिसलीस की चुकायला होतं.
एक गोष्ट कुठेतरी लिहून टाकते, म्हणजे छातीवरचं ओझं उतरेल. ताई आजाराने गेल्या नाहीत. त्या बऱ्या व्हायला लागल्या होत्या. त्या सकाळी सलाईनमध्ये मी नाडी मंद करणारं औषध मिसळलं, ते मला एकटीला माहीत आहे. यांनी काही सुचवलं नव्हतं. मीच वाट पाहून कंटाळले होते.

१७ मार्च
दुसऱ्या डब्यात सोडलेली परकी राणी फसली. सहा मुंग्यांनी तिचे सहा पाय धरून ताणले आहेत. सकाळपासून तशीच आहे, जिवंत. मी बेबीला म्हटलं, काढ ना तिला बाहेर. ती शांतपणे म्हणाली, मावशी, त्यांनी ओळखलंय तिला, आता आपण मध्ये पडायचं नाही.
संध्याकाळी पाहिलं तर शाल धुतलेली, माझ्या चादरीही. तेलाची बाटली कपाटात नाही. वन्संना विचारलं. हसल्या फक्त.

२१ मार्च
ताप. बेबी दोन्ही वेळा सूप आणते, चमच्याने भरवते. पोटच्या पोरीने केलं नसतं इतकं करते. पाय मात्र जड झालेत. हे म्हणतात, साथीचा ताप आहे, पडून राहा. मी स्वतःची नाडी मोजली. फार मंद. तापात अशी नसते.

२३ मार्च
सुपाची चव ओळखली. बारा वर्षं नर्स होते, मला कळणार नाही? तेच औषध — थोडं थोडं. तोंड मिटलं तर वन्सं नाक धरतात. मोबाइल दुरुस्तीला टाकलाय म्हणे. ही वही उशाखाली होती, टेबलावर सापडली. अकरा तारखेच्या पानाला लवंगेचा वास आहे. म्हणजे यांनीही —
बेबीने वही परत दिली. लिहीत जा म्हणाली.

२५ मार्च
दुपारी तिघं पलंगाभोवती बसली होती. कोणी आवाज चढवला नाही. बेबीने विचारलं, शेवटी आई काय म्हणाली. खोटं बोलायची ताकद नव्हती. सांगितलं — त्यांनी माझा हात धरला होता. थँक्यू म्हणाल्या. हे तोंड फिरवून बसले. बेबीने उठून खिडक्या लावल्या.

२६ मार्च
आई आली. माझी आई. खालून तिचा आवाज. ओरडायला गेले — घशातून हवाच.
वर आणलं तिला. दारातूनच बघा म्हणाले, संसर्ग आहे. मी ओठ हलवले. तिला वाटलं हसले. वन्संचे हात हातात घेऊन म्हणाली, लेकीने नशीब काढलं, आता मी निर्धास्त.
कपबशा वाजल्या. मग फाटक. गेली. आई गेली —
जिन्यावर पावलं. तिघांची. आज सूप नाही. हात रिकामे. बेबी आतून कडी